विश्लेषण : डोक्यातला कोंडा पुन्हा पुन्हा का येतो? कामोठ्याच्या पाण्याचा दोष किती?

कामोठ्यात नवीन राहायला आलेल्या माणसाला पहिल्या वर्षभरात दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, इथे पाणी पुरत नाही. दोन, इथल्या पाण्याने केस जातात आणि डोक्यात कोंडा होतो. पहिली तक्रार सोळा आणे खरी आहे. दुसरी मात्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्या वेळा फिरली आहे की आता ती कुणी तपासतही नाही.

‘डोकं खूप खाजतंय, पांढरे पापुद्रे पडतात, काय करू?’ असा मेसेज ग्रुपवर टाकून बघा. दहा मिनिटांत शॉवर फिल्टरची लिंक, लिंबू-दह्याचा लेप, कुणाच्या तरी वहिनींनी बनवलेलं तेल आणि ‘अमुक ट्यूब लावा, दोन दिवसांत बरं होतं’ असा सल्ला मिळतो. यातली शेवटची गोष्ट सर्वात जास्त नुकसान करू शकते. तिच्याकडे नंतर येऊच.

नुसता कोंडा की सेबोरिक डर्मटायटिस?

आपण ज्याला सरसकट कोंडा म्हणतो त्याचे दोन टप्पे आहेत. पहिला साधा. डोक्यातून बारीक, कोरडे, पांढरे कण पडतात, थोडी खाज येते. जगातल्या जवळपास निम्म्या प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. दुसऱ्या टप्प्यात डोक्याची त्वचा लाल होते, पापुद्रे पिवळट आणि तेलकट असतात, खाज इतकी की नखं लागून जखमा होतात. हेच पापुद्रे भुवयांत, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खाचेत, कानामागे, दाढीत आणि छातीवरही दिसू लागतात. याला डॉक्टर सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ दोन्ही एकाच आजाराची सौम्य आणि तीव्र रूपं मानतात.

या आजाराच्या मुळाशी मॅलासेझिया नावाची यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी असते. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यांत ती पाहिली आणि पुढे तिला त्याचंच नाव मिळालं. ही बुरशी बाहेरून ‘लागत’ नाही. ती तुमच्या, माझ्या, लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर आधीच आहे. म्हणून सेबोरिक डर्मटायटिस संसर्गजन्य नाही. कंगवा वेगळा ठेवायचा तर स्वच्छतेसाठी ठेवा, घरातल्या त्या माणसाला वाळीत टाकू नका.

२००७ मध्ये या बुरशीच्या एका प्रजातीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा एक मजेशीर गोष्ट कळली. साधारण ४,३०० जनुकं असलेल्या या जिवाला स्वतःसाठी स्निग्ध आम्लं तयार करता येत नाहीत. त्यासाठी लागणारं जनुकच त्याच्याकडे नाही. त्यामुळे ती दुसऱ्याच्या तेलावर जगते. आपल्या डोक्याच्या त्वचेतून सीबम नावाचं तेल पाझरतं, बुरशी ते फोडते, तिला हवं ते खाते आणि उरलेलं तिथेच सोडते. या उरलेल्यात ओलेइक आम्ल असतं. काही लोकांच्या त्वचेला त्याने काही होत नाही. काहींची त्वचा मात्र त्याला वैताग मानते, सूज येते, पेशी घाईघाईने तयार होऊन झडू लागतात. त्याच झडलेल्या पेशींचे पुंजके म्हणजे काळ्या शर्टवरचा कोंडा.

म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागतात : तेल, बुरशी आणि तक्रारखोर त्वचा. तिसरी गोष्ट तुम्ही जन्माला येतानाच घेऊन येता. ताण, झोप न होणं, थंड कोरडी हवा यांनी त्रास वाढतो. पार्किन्सन्स आणि एचआयव्ही असलेल्यांमध्ये तो जास्त आणि जोरात दिसतो. वयात आल्यावर तेलग्रंथी जोर धरतात, म्हणून कॉलेजच्या वयापासून तक्रारी सुरू होतात. अस्वच्छतेशी याचा संबंध नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ‘नीट आंघोळ करत नाहीस का’ हा टोमणा खाऊन गप्प बसणारी मुलं-मुली आपल्या आजूबाजूला बरीच आहेत.

पाण्याचा हिशेब

आता कामोठ्याच्या पाण्याकडे येऊ. वर सांगितलेल्या तीन गोष्टींत पाणी कुठेच नाही. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मॅलासेझियाला पोसत नाहीत. जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, साका बसतो, केस राठ लागतात, कोरडी त्वचा आणखी चुरचुरते. एवढं खरं. धरणाचं पाणी तुलनेने मऊ असतं, क्षार जास्त असतात ते बोअरवेलच्या आणि कधी कधी टँकरच्या पाण्यात. पण मऊ पाण्याच्या गावातही कोंडा होतो आणि जड पाण्याच्या गावात हजारो लोक बिनकोंड्याचे फिरतात.

मग ते शॉवर फिल्टर? इथे इंजिनीअरिंगची पदवी थोडी कामाला येते. पाणी खरोखर मऊ करायचं तर आयन एक्स्चेंज रेझिन लागतं. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम क्षार धरून ठेवतं, मग त्याला मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजंतवानं करावं लागतं. पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार आहेत असं धरा. एक लिटर रेझिन २५० लिटर पाणी मऊ करेल. नळाला लावायच्या मुठीएवढ्या फिल्टरमध्ये फार तर २०० मिलिलिटर रेझिन मावेल. म्हणजे ५० लिटर. अडीच-तीन बादल्या. एका माणसाच्या दोन-तीन आंघोळींत काम संपलं, आणि पाकिटावर मात्र ‘सहा महिने’ लिहिलेलं असतं. अशा फिल्टरने गाळ अडतो, क्लोरीन थोडं कमी होतं. कोंड्यासाठी तो घेणं म्हणजे पैसे नाल्यात घालणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेगावने काय शिकवलं

पाण्यावर खापर फोडण्याचं सर्वात गाजलेलं ताजं उदाहरण बुलडाणा जिल्ह्यातलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक, अगदी तीन-चार दिवसांत गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला, मग बुरशीच्या संसर्गाची चर्चा झाली, वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं नावही ठेवून टाकलं. आयसीएमआरची पथकं गावात आली. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम जास्त, तर जस्त कमी आढळलं होतं. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे हे डॉक्टर महाडचे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातले.

त्या गावांतली केसगळती आणि आपला कोंडा यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण त्या बातम्यांनंतर एक शंका वाचकांकडून अजून येते : कोंड्याच्या औषधी शाम्पूत सेलेनियम सल्फाइड असतं, मग त्याने टक्कल पडेल का? शेगावचं सेलेनियम पोटातून गेलं होतं, रोज, प्रत्येक भाकरी-पोळीबरोबर. शाम्पूतलं सेलेनियम सल्फाइड पाण्यात जवळपास विरघळत नाही, धड त्वचेतून आत जात नाही आणि काही मिनिटांत धुतलं जातं. डोक्यात जखमा असतील तेव्हा ते वापरायचं नाही, एवढी काळजी पुरे.

असाच दुसरा फॉरवर्ड झिंक पायरिथिऑनबद्दल फिरतो. ‘युरोपात बंदी, भारतात विक्री’ असं त्यात लिहिलेलं असतं. बंदी खरी आहे. १ मार्च २०२२ पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत हे रसायन चालत नाही. प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून त्याची नोंद प्रजननाला घातक ठरू शकणाऱ्या पदार्थांत झाली आणि तिथल्या कायद्याप्रमाणे अशा पदार्थाला पर्याय असेल तर तो वापरता येत नाही. फॉरवर्डमध्ये नसतं ते असं, की युरोपच्याच वैज्ञानिक समितीने धुऊन टाकायच्या शाम्पूत एक टक्क्यापर्यंतचं प्रमाण सुरक्षित मानलं होतं. मी घाबरून बाटली फेकणार नाही. पण दुसरा पर्याय हाताशी असेल तर तो घ्यायलाही हरकत नाही.

तेल लावायचं की नाही?

या प्रश्नावर घरोघरी आई आणि मुलं यांच्यात भांडण ठरलेलं. मराठी घरात डोक्याला तेल हा नुसता उपाय नाही, ती माया आहे. दिवाळीच्या अभ्यंगापासून बाळाची टाळू भरण्यापर्यंत सगळीकडे तेल. त्यामुळे ‘तेल बंद’ असं डॉक्टरांनी सांगितलं की आजीला ते आपल्यावरच आल्यासारखं वाटतं.

तर्क साधा आहे. बुरशी तेलावर जगते, तिला आणखी तेल कशाला वाढायचं? रात्रभर किंवा दिवसच्या दिवस तेल थापून ठेवणं, त्यावर हेल्मेट चढवून सायन-पनवेल महामार्गावर घामाघूम होणं आणि आठवड्यातून एकदाच न्हाणं, ही बुरशीची मेजवानी आहे. ऑलिव्ह तेलात तर ओलेइक आम्लच भरपूर असतं, ते टाळाच. दाट, चिकटलेल्या खपल्या मऊ करायला मात्र तेल कामाचं आहे. न्हाण्याआधी तासभर लावा, हलक्या हाताने खपल्या सुटू द्या आणि शाम्पूने पूर्ण धुऊन काढा. आईचं मनही राहतं. केसांच्या टोकांना थोडं तेल लावायलाही कुणाची ना नाही, वाद फक्त मुळांचा आहे.

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पिवळट खपल्या धरतात, तो याच आजाराचा बाळांमधला प्रकार. दिसायला वाईट, पण बाळाला त्याचा फारसा त्रास नसतो आणि काही महिन्यांत तो आपोआप जातो. थोडं तेल लावून मऊ करायचं, सौम्य शाम्पूने धुवायचं, मऊ ब्रश फिरवायचा. नखाने खरवडू नका. मोठ्यांचा औषधी शाम्पू किंवा ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाळाला लावायची नाही.

लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा यांबद्दल एकच वाक्य : सुजलेल्या त्वचेवर आम्ल किंवा सोडा चोळला की आग होते, बुरशी जात नाही. दही-मेथीने केस मऊ होतील, शिकेकाई-रिठ्याने तेल निघेल, पण लाल झालेल्या त्वचेची सूज त्यांच्या आवाक्यातली नाही.

मग चालतं काय?

औषधी शाम्पू. यात सर्वात जास्त अभ्यासलेलं औषध किटोकोनॅझोल, दोन टक्के. ते थेट बुरशीवर काम करतं. सेलेनियम सल्फाइड, झिंक पायरिथिऑन आणि सायक्लोपिरॉक्स हे इतर पर्याय. खपल्या जाड असतील तर सॅलिसिलिक ॲसिड असलेला शाम्पू त्या सोडवतो. बाटलीवरचं नाव, रंग, पुदिन्याचा गारवा, हिरोचा फोटो यांपेक्षा मागच्या बाजूला बारीक अक्षरात कोणतं औषध किती टक्के लिहिलंय ते बघा.

निम्म्या लोकांना ‘शाम्पूचा काही उपयोग झाला नाही’ असं वाटण्याचं कारण औषध नसून घड्याळ असतं. आपण शाम्पू लावतो, फेस काढतो, लगेच तांब्याने पाणी ओततो. औषध त्वचेवर तीस सेकंदही टिकत नाही. केस ओले करा, शाम्पू केसांच्या लांबीला न लावता बोटांच्या टोकांनी मुळांशी, डोक्याच्या त्वचेवर लावा आणि पाच मिनिटं तसाच ठेवा. मग धुवा. भुवया आणि नाकाच्या बाजूलाही तोच फेस लावून धुता येतो, डोळ्यांत जाऊ देऊ नका. ज्या इमारतीत पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं तिथे हे जमवणं कठीण वाटेल, पण फेस लावून ठेवायचा आणि दुसरी बादली भरू द्यायची. तेवढ्यात पाच मिनिटं होतात. लांब केस राठ होत असतील तर नंतर नेहमीचं कंडिशनर फक्त लांबीला लावा.

आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. तेवढ्यात बहुतेकांची खाज थांबते, डोकं साफ दिसतं. आणि नेमकी इथेच बाटली कपाटात जाते. महिना-दीड महिन्यात कोंडा परत, मग ‘शाम्पू बदलला पाहिजे’.

१९९५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी’त एक अभ्यास आला होता. किटोकोनॅझोल शाम्पूने बऱ्या झालेल्या लोकांचे गट पाडून त्यांना सहा महिने पाहिलं. ज्यांनी आठवड्यातून एकदा तोच शाम्पू चालू ठेवला त्यांच्यातल्या १९ टक्के लोकांचा त्रास परतला. ज्यांना औषध नसलेला शाम्पू दिला त्यांच्यात हे प्रमाण ४७ टक्के होतं. सोसायटीतल्या लिफ्टचं जसं एएमसी असतं तसंच हे. लिफ्ट चालू आहे म्हणून कुणी देखभाल बंद करत नाही. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा औषधी शाम्पू, मधल्या दिवसांत नेहमीचा. हा आजार मुळासकट उपटण्याचं औषध आज जगात कुठेच नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये रोफ्लुमिलास्ट नावाच्या औषधाच्या फोमला यासाठी मंजुरी मिळाली, ते स्टिरॉइड नाही म्हणून त्याचं कौतुकही झालं, पण तेही आजार आवरण्याचंच औषध आहे.

‘दोन दिवसांत बरं करणारी’ ट्यूब

आता सुरुवातीच्या त्या सल्ल्याकडे. मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं की अनेकदा हातात पडते ती मिश्रणाची ट्यूब किंवा लोशन : एक तीव्र स्टिरॉइड, एक बुरशीवरचं औषध, वर एखादं अँटिबायोटिक. लावल्यावर खरोखर दोन दिवसांत खाज थांबते. कारण स्टिरॉइड सूज दाबतं. ट्यूब संपली की त्रास दुप्पट जोराने परततो, माणूस दुसरी ट्यूब आणतो. डोक्याला लावलेली तीच ट्यूब नाकाच्या बाजूला आणि भुवयांना लागते, कारण पापुद्रे तिथेही आहेत. चेहऱ्याची त्वचा नाजूक. काही महिन्यांत ती पातळ होते, लाल राहते, शिरा दिसतात, पुरळ येतं, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि उन्हात गेलं की जळजळतं. मग ट्यूब सोडताही येत नाही.

डॉक्टरांनी ठरवून दिलेलं स्टिरॉइड लोशन थोडे दिवस डोक्याला लावणं वेगळं. तीव्र त्रासात ते लागतंही. किती तीव्रतेचं, कुठे, किती दिवस हे ठरवणारा माणूस काउंटरच्या अलीकडे-पलीकडे कुणीच नसतो, ही खरी अडचण आहे.

देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना यासाठी अनेक वर्षं ओरडते आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची जी सूट होती ती काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात त्वचेला लावायची मिश्रणंही होती. कागदावर कायदा आहे. काउंटरवर मात्र चिठ्ठी मागितली जाण्याचा अनुभव तुम्हाला शेवटचा कधी आला ते आठवून बघा. अन्न व औषध प्रशासनाने तपासणी वाढवावी ही मागणी योग्यच आहे. पण ग्राहक म्हणून आपणही नावाने स्टिरॉइडची ट्यूब मागतो आणि दुकानदाराने नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातो. पाकिटावर लाल पट्टी आणि नावात ‘-सोन’ किंवा ‘-सॉल’ असं शेपूट दिसलं, उदाहरणार्थ बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, तर ते स्टिरॉइड असल्याचं समजा. किटोकोनॅझोलसारख्या बुरशीच्या औषधांचं शेपूट ‘-झोल’ असतं. हा फरक दहावीच्या मुलालाही कळेल.

डॉक्टरकडे कधी जायचं?

चार आठवडे नीट शाम्पू वापरूनही फरक नसेल, पू किंवा जखमा असतील, केस गोल चकत्यांनी जात असतील तर थांबू नका. शाळकरी मुलाच्या डोक्यात केस तुटलेली खवलेदार चकती दिसली तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार असतो, त्याला पोटातून औषध लागतं, शाम्पूने भागत नाही. केसांच्या रेषेबाहेर आलेले जाड, चांदीसारखे खवले आणि सोबत कोपर-गुडघ्यांवर तेच असेल तर सोरायसिस असू शकतो. केसांना रंग लावल्यावर दोन दिवसांत खाज आणि सूज आली तर ती रंगाची ॲलर्जी. आणि मुलीच्या डोक्याला फक्त कानामागे, मानेवर खाज असेल तर आधी उवा बघा. हे शेवटचं वाचून हसू येईल, पण महागडा शाम्पू आणण्याआधी लिखीची फणी फिरवून पाहायला पैसे लागत नाहीत.

कामोठेकरांना यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. एमजीएमचं मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय इथेच आहे, त्वचारोगाची ओपीडी तिथे चालते. जाताना डोक्याला आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, तेलं, शाम्पू यांचे मोबाइलवर फोटो काढून न्या. ‘ती पांढरी-निळी ट्यूब’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

जाहिरातींबद्दल एक शेवटचं. ‘१०० टक्के कोंडामुक्ती’ असं मोठ्या अक्षरात आणि ‘नियमित वापराने, दिसणाऱ्या कोंड्यापासून’ असं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ती मुंगी खरं बोलते, मोठी अक्षरं नाही. शाम्पूच्या बाटलीवर औषधाचं नाव, टक्के आणि ‘पाच मिनिटं ठेवा’ ही सूचना मराठीत, पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा आकारात छापायला कंपन्यांना किती खर्च येईल? सध्या तिथे बर्फाचा डोंगर छापलेला असतो.